सल्ला विचारला, ऐकलं कुणाचं?

नेतृत्वाबद्दल बायबल काय सांगतं असं विचारलं की बोलणारे हमखास मोशेकडे नाहीतर दावीदाकडे जातात. मी आज तुम्हाला एका फसलेल्या राजाकडे नेणार आहे. रहबाम, इस्राएलचा राजा शलमोन याचा मुलगा. बायबलमधलं ‘1 राजे’ हे पुस्तक, अध्याय 12.

शलमोन गेला आणि शखेमला लोक जमले. मागणी एकच: तुझ्या वडिलांनी आमच्यावर जड जू लादलं, ते हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. तक्रार उगाच नव्हती. शलमोनाने 30,000 माणसं वेठीला धरली होती. त्यातली 10,000 एक महिना लबानोनात राबायची, मग दोन महिने घरी, की पुन्हा पाळी.

रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. वडिलांच्या दरबारातल्या जाणत्यांना विचारलं, मग आपल्या बरोबरीच्यांना विचारलं. आज कुठल्याही कार्यालयात याला कोणी नावं ठेवणार नाही. इतिवृत्तात ‘सर्व संबंधितांशी सल्लामसलत केली’ अशी नोंद झाली असती आणि फाईल पुढे सरकली असती.

पण मजकूर जरा सावकाश वाचा. जाणत्यांना तो विचारतो, या लोकांना काय उत्तर द्यावं? बरोबरीच्यांना विचारतो, *आपण* काय उत्तर द्यावं? हा फरक मूळ हिब्रूतच आहे. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर आणि ‘आपण’ म्हटलं की आत, हे मराठी कानाला शिकवावं लागत नाही. कोण आत आहे हे रहबामाच्या तोंडून नकळत निघून गेलं. शिवाय दुसरी बैठक सुरू होण्याआधीच, आठव्या वचनात, लेखक सांगून टाकतो की जाणत्यांचा सल्ला त्याने बाजूला सारला होता.

या बरोबरीच्यांना हिब्रूत जो शब्द वापरलाय, त्याचा सरळ अर्थ ‘पोरं’. आता रहबाम गादीवर आला तेव्हा 41 वर्षांचा होता. त्याच्याबरोबर वाढलेली ही पोरंही चाळिशीचीच असणार! लेखकाने वय मोजलं नाही, अक्कल मोजली, असं माझं मत.

जाणते म्हणाले होते, आज तू यांचा सेवक हो, चार शब्द गोड बोल, हे कायमचे तुझे सेवक होतील. सेवाभावी नेतृत्वावर बोलणारे हे वचन फार हळवेपणाने वाचतात. मला त्यात मुरलेल्या कारभाऱ्यांचा हिशेब दिसतो: एक दिवस द्या, जन्मभराचं घ्या. पोरांचा सल्ला याच्या उलट. सांग त्यांना, माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. त्याने चाबकाने मारलं, मी विंचवांनी फोडून काढीन. तिसऱ्या दिवशी राजाने चाबूक आणि विंचू बोलून दाखवले, करंगळी मात्र गिळली. तेवढं भान उरलं होतं.

लोक उठून घरी निघाले. मग राजाने त्यांच्याकडे कुणाला पाठवावं? अदोरामाला. वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला! ज्या माणसाच्या नावाने ती घरं रडत होती, तोच दूत म्हणून दारात उभा. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. राजा घाईघाईने रथात चढला आणि यरुशलेमला पळाला. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा हातचे गेले.

हसताय, हसा. पण मीही एकदा सहकाऱ्यांकडून सूचना मागवल्या होत्या. आठ दिवसांची मुदत दिली होती, आणि परिपत्रकाचा मसुदा त्याच दिवशी टाईप होऊन माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता. आलेल्या सूचना मी वाचल्या. वाचताना शोधत काय होतो, तर माझ्या मसुद्याशी जुळणारी वाक्यं. जुळली त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

शलमोनाने तरुणपणी देवाकडे काय मागितलं होतं, आठवतंय? आपण म्हणतो, शहाणपण. मूळ शब्द आहेत ‘ऐकणारं हृदय’. मोशेच्या गोष्टीतही हेच क्रियापद येतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटा बसून निवाडे करतोय आणि लोक ताटकळत उभे. सासरा इथ्रो, मिद्यानाचा याजक, म्हणजे बाहेरचाच माणूस. तो एक दिवस नुसतं बघतो आणि म्हणतो, हे तू बरं करत नाहीस. तूही थकशील, लोकही थकतील. लाच न घेणारी माणसं निवड, हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर नेम. पुढे येतं, मोशेने सासऱ्याचं *ऐकलं*. आणि रहबामाबद्दल काय येतं? राजाने लोकांचं *ऐकलं नाही*. शब्द तोच.

यरुशलेमला पोचल्यावर रहबामाने 1,80,000 निवडक योद्धे गोळा केले, गेलेलं राज्य परत घ्यायला. तेव्हा शमाया नावाचा एक माणूस निरोप घेऊन आला: भाऊबंदांवर चालून जाऊ नका, आपापल्या घरी परत जा. तिथे चोविसाव्या वचनात तेच क्रियापद पुन्हा येतं. त्यांनी ऐकलं, आणि ते घरी गेले.