क्लासचे नाव म्हणजे फाइलचा पत्ता: पीएचपीमधील नामकरण

नमस्कार. लॅपटॉपवर सुरळीत चालणारी पीएचपीची वेबसाइट सर्व्हरवर चढवताच ‘क्लास (म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणारा कोडचा घटक) सापडला नाही’ अशी तक्रार करू लागते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. कोडची एक ओळही बदललेली नसते, कारण चूक बहुतेक वेळा फाइलच्या नावातील एखाद्या अक्षरात असते.

पीएचपी ही भाषा क्लास आणि फंक्शन यांच्या नावांत इंग्रजीतील लहान आणि मोठ्या अक्षरांचा भेद करत नाही. व्हेरिएबलच्या नावांत मात्र करते. पूर्वी प्रत्येक फाइल ‘रिक्वायर’ लिहून स्वतः जोडावी लागे, तेव्हा ही ढिलाई खपून जात असे. आता हे काम ऑटोलोडर, म्हणजे क्लास लागताच त्याची फाइल आपोआप शोधणारी यंत्रणा, करते. डिसेंबर २०१३ मध्ये स्वीकारल्या गेलेल्या पीएसआर-४ या संकेतानुसार (पीएसआर म्हणजे पीएचपीसाठीचे शिफारस केलेले नियम) नेमस्पेसचा, म्हणजे क्लासच्या नावाआधी लिहिल्या जाणाऱ्या गटाच्या नावाचा, आरंभीचा भाग एका ठरावीक फोल्डरशी जोडलेला असतो, पुढचा प्रत्येक भाग उपफोल्डर होतो आणि शेवटी क्लासच्याच नावाची फाइल उघडली जाते. ‘बिलिंग’ या नेमस्पेसमधील ‘इन्व्हॉइसप्रिंटर’ हा क्लास ‘बिलिंग’ फोल्डरमधील त्याच नावाच्या फाइलमध्ये शोधला जातो, आणि क्लासच्या नावातील ‘पी’ मोठा असून फाइलच्या नावातील ‘पी’ लहान असेल, तरी विंडोजवर फाइल उघडते, मॅकवरही सहसा उघडते, पण लिनक्सवर उघडत नाही. बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यामुळे दोष तिथे पोहोचल्यावरच दिसतो.

पीएचपीची स्वतःची अंगभूत फंक्शने मात्र याबाबतीत आदर्श नाहीत. मजकुराची लांबी बाइटमध्ये मोजणारे ‘स्ट्रलेन’ सलग लिहितात, तर मजकूर बदलणाऱ्या ‘स्ट्र रिप्लेस’मध्ये अंडरस्कोर आहे. भाषेचे जनक रासमुस लर्डॉर्फ यांनीच सांगितले आहे की, अगदी सुरुवातीला फंक्शन शोधण्यासाठी त्याच्या नावाची लांबी हीच हॅश, म्हणजे पटकन शोधण्यासाठीचा अंक, म्हणून वापरली जाई, आणि म्हणून नावे वेगवेगळ्या लांबीची असणे सोयीचे होते. आपण आजही ती नावे पाठ करतो!

ही विस्कळीत स्थिती पाहून २००९ मध्ये असे संकेत ठरवणारा पीएचपी-फिग हा गट स्थापन झाला. त्याच्या २०१२ च्या पीएसआर-१ नुसार क्लासच्या नावातील प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, मेथडचे, म्हणजे क्लासमधील फंक्शनचे, नाव कॅमल केसमध्ये (पहिला शब्द लहान अक्षराने, पुढचा प्रत्येक मोठ्या अक्षराने) असते आणि क्लासमधील स्थिरांक पूर्ण मोठ्या अक्षरांत अंडरस्कोरसह लिहिले जातात. प्रॉपर्टीच्या, म्हणजे क्लासमधील व्हेरिएबलच्या, नावांबाबत मात्र त्याने मुद्दाम आग्रह धरलेला नाही. जी पद्धत निवडाल ती सातत्याने पाळा, एवढेच तो म्हणतो. देवनागरीतही व्हेरिएबलचे नाव लिहिण्याची मुभा पीएचपी देते, पण आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे तिथे कॅमल केस शक्यच नाही.

प्रॉपर्टीच्या आधी अंडरस्कोर लावण्याची सवय अजून अनेकांच्या हातात आहे. पीएचपी ४ मध्ये क्लासबाहेरून वापर रोखणारा ‘प्रायव्हेट’ हा शब्द नव्हता, म्हणून ‘बाहेरून हात लावू नका’ असे सांगण्यासाठी ती खूण वापरली जाई. २००४ च्या पीएचपी ५ ने हे काम भाषेकडेच दिले, आणि २०१९ च्या पीएसआर-१२ ने ती खूण मनाईच्या यादीत टाकली. याच काळातील दुसरी सवय अधिक घातक आहे. तेव्हा क्लासच्याच नावाची मेथड कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासपासून वस्तू तयार होताना आपोआप चालणारी मेथड, मानली जात असे. पीएचपी ८ मध्ये ती साधी मेथड ठरते, म्हणजे वस्तू तयार होताना ती चालत नाही, आणि ही गोष्ट कोणी तुम्हाला सांगतही नाही.

यंत्राला न कळणारी, पण वाचणाऱ्याला फसवणारी नावे माझ्या मते त्याहून वाईट असतात. ‘गेट टोटल’ नावाच्या मेथडने बेरीज परत द्यावी. तिने गुपचूप डेटाबेसमध्ये नोंद केली, तर तिचे नाव खोटे आहे. होय-नाही उत्तर देणाऱ्या मेथडची सुरुवात ‘इज’, ‘हॅज’ किंवा ‘कॅन’ने करावी, आणि ‘इज नॉट इनॅक्टिव्ह’ असे दुहेरी नकार टाळावेत.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीचे प्लगइन (जोड-कार्यक्रम) लिहिताना मात्र पीएसआर बाजूला ठेवा. तिथे स्पेसऐवजी टॅब, फंक्शनच्या नावांत अंडरस्कोर आणि क्लास असलेल्या फाइलच्या नावाच्या आरंभी ‘क्लास’ हा शब्द अशी घरची रीत आहे, आणि ज्याच्या घरी जेवायला बसायचे, त्याची पंगत मोडू नये.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येऊ. विंडोजवर फाइलच्या नावातील केवळ लहान-मोठे अक्षर बदलले, तर गिटला (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल बहुधा जाणवत नाही. म्हणून गिटच्या ‘गिट एमव्ही’ या नाव बदलण्याच्या आज्ञेने फाइलला आधी एखादे तात्पुरते नाव द्या, मग योग्य नाव द्या आणि हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे गिटमधील एका वेगळ्या नोंदीत, नोंदवा. पीएचपी सीएस फिक्सर या कोडची मांडणी आपोआप सुधारणाऱ्या साधनाने केलेली दुरुस्ती त्याच कमिटमध्ये मिसळू नका, कारण शेकडो ओळींच्या त्या बदलांत एका अक्षराची दुरुस्ती तपासणाऱ्याला दिसणारच नाही.