कोल्हापुरी कुणाची?

नमस्कार, श्रोतेहो.

जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या फॅशन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. मॉडेल चालत आले, कॅमेरे लखलखले, आणि इकडे आपल्या लोकांची नजर कपड्यांवर न जाता थेट पायांवर गेली. अंगठ्यात अडकणारा चामड्याचा वेढा, वर रुंद पट्टा, खाली सपाट तळ. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. कंपनीनं मात्र त्याचं वर्णन केलं होतं ते नुसतं ‘लेदर सँडल’ असं. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि मग जो गदारोळ उठला तो तुमच्या लक्षात असेलच.

त्या गदारोळात एक प्रश्न सगळीकडे ऐकू येत होता. कोल्हापुरी चपलेला जीआय मिळालंय ना, मग त्या कंपनीला कोर्टात का खेचत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र रागावलेल्या माणसाला आवडणारं नाही.

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक तिच्या मुलखाशी बांधलेला असेल, तर त्या मुलखाचं नाव कुणी वापरायचं हे ठरवणारा हक्क. यासाठी आपल्याकडे 1999 चा कायदा आहे, तो लागू झाला सप्टेंबर 2003 मध्ये, आणि त्याची नोंदवही चेन्नईला असते. कोल्हापुरी चपलेचं मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांचं ते मिळून आहे. सीमेवरून दोन राज्यं किती वर्षं भांडताहेत ते सांगायला नको. चपलेच्या बाबतीत मात्र दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. महाराष्ट्राकडून संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाकडून लिडकर हे महामंडळ, असे दोन नोंदणीकृत मालक.

आता या हक्कानं राखलं जातं ते नाव. ‘कोल्हापुरी’ हे नाव. चपलेचा आकार नव्हे, पट्ट्याची रुंदी नव्हे, अंगठ्याचा वेढाही नव्हे. मिलानच्या त्या शोमध्ये आकार होता आणि नाव नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण चिडलो, की आमचं नाव का घेतलं नाही, तीच गोष्ट त्या कंपनीच्या पथ्यावर पडणारी होती. नाव घेतलं असतं तर निदान भारतात दाद मागायला जागा झाली असती. त्यातून आपल्या नोंदवहीतली नोंद भारताच्या हद्दीपुरती. मिलानच्या दुकानात ती दाखवून काही उपयोग नाही.

तरीही काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलै 2025 मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. न्यायालयाचा रोख साधा होता: मानांकनाचे नोंदणीकृत मालक आहेत ना, त्यांना वाटलं तर ते येतील, तुम्ही कोण? ऐकायला हे कोरडं वाटतं, पण मला ते पटतं. हक्क कुणाच्या तरी नावावर असतो आणि तो बजावायचा असतो तो त्यानंच. गावानं मिळून संताप व्यक्त केला म्हणून कुणाच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढत नाही.

नाव कुठं चढलंय आणि कुठं नाही, या मुद्द्याशी मी जरा थांबणार आहे, कारण आपल्या कारागिरांचं खरं नुकसान तिथंच होतंय.

मानांकनाच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात वस्तूची नोंद आणि तिचा मालक, म्हणजे आपल्या बाबतीत ती दोन महामंडळं. दुसऱ्या भागात ‘अधिकृत वापरकर्ते’, म्हणजे प्रत्यक्ष चप्पल करणारी माणसं. ‘जीआय मिळालं’ अशी बातमी पेपरात येते ती पहिल्या भागाची. सत्कार होतात, पेढे वाटले जातात, आणि कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत बसून चामडं कापणाऱ्या माणसाला वाटतं, आता आपल्याला संरक्षण मिळालं. तसं नसतं. मानांकनाचं चिन्ह चपलेवर लावायचं असेल, नक्कल करणाऱ्याला कोर्टात उभं करायचं असेल, तर त्याचं स्वतःचं नाव दुसऱ्या भागात लागतं. त्यासाठी फॉर्म जीआय-3 भरावा लागतो. या अर्जाची फी पूर्वी 500 रुपये होती, 2020 मध्ये ती 10 रुपयांवर आणली. दहा रुपये! म्हणजे अडचण पैशांची राहिलेली नाही. अडचण आहे ती कुणी सांगत नाही ही, आणि सांगितलंच तर इंग्रजी फॉर्म समोर टाकून देतात ही.

ही चप्पल करणं काय असतं, तेही सांगायला हवं, कारण नोंदणीच्या अर्जात वस्तूचं वर्णन द्यावं लागतं आणि खरी-खोटी ओळखायची ती त्या वर्णनावरून. कातडं कमावायचं ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून, रसायनांनी नाही. त्याला दिवस लागतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढोर समाजातल्या लोकांनी केलं आणि चपला बांधल्या त्या चर्मकारांनी. तळ जाड कातड्याचा, त्याला खिळा नाही. शिवण घालायची ती चामड्याच्याच वादीनं. वेणी घालणं, गोंडे करणं हे काम बऱ्याचदा घरातल्या बायकांच्या हातचं. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव नसतंच, निदान त्या नोंदवहीत तरी असायला काय हरकत आहे? कापशी, पायताण, पुकारी अशी नावं मिरवणारे प्रकार, प्रत्येकाची बांधणी निराळी. पहिल्या पावसात भिजवून ज्यांनी एखादा चांगला जोड वाया घालवलाय, ते मनातल्या मनात हसत असतील.

आता दुसरं दृश्य बघा. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही गजबजलेल्या रस्त्यावर जा. रेक्झिनचा पट्टा, रबराचा तळ, वर सोनेरी गोंडा, आणि विक्रेता ओरडतोय, ‘कोल्हापुरी घ्या, कोल्हापुरी!’ तो माल ना त्या आठ जिल्ह्यांतला, ना त्या चामड्याचा. इथं आकार तर उचललाच, नावही उचललं. कायद्याच्या भाषेत उल्लंघन म्हणायचं ते याला. परदेशी कंपनीवर आपण तुटून पडलो, आणि आपल्या नाक्यावर हे रोज चाललंय त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मला विचाराल तर कोल्हापुरीचा धंदा जास्त बसवला तो या स्वस्त नकलेनं. दोनशे रुपयांत ‘कोल्हापुरी’ मिळते अशी लोकांची समजूत झाली की अस्सल जोडाची किंमत सांगताना कारागिराचीच जीभ अडखळते.

देवगडच्या आंबेवाल्यांनी हे दुखणं ओळखलं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो हे वाशीच्या बाजारात कुणाला नवीन नाही. हापूसला मानांकन 2018 मध्येच मिळालं होतं, पण पेटीवरचं नाव कुणीही छापू शकतो. म्हणून 2025 च्या हंगामात तिथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेनं थेट फळावर लावायचं कोडचं स्टिकर आणलं. लिडकॉमनंही आता कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड आणला आहे. मोबाईल धरला की जोड कुठला, कुणी केला, ते कळावं अशी ती सोय आहे. तेव्हा खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा, ‘कोड आहे का?’ चार गिऱ्हाइकांनी विचारलं की पाचव्याच्या आधी तो ठेवायला लागतो.

आता कुणी म्हणेल, नावाचं झालं, पण आकाराचं काय? डिझाईन कुणी चोरलं तर? त्यासाठी निराळा कायदा आहे, 2000 सालचा डिझाईन कायदा. एखाद्या तरुण कारागिरानं स्वतःच्या डोक्यातून वेणीची नवी ठेवण काढली, पट्ट्यावर नवं कोरीवकाम बसवलं, तर त्याची नोंदणी होते आणि आधी दहा, पुढे आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. शेकडो वर्षं चालत आलेला कोल्हापुरीचा मूळ आकार मात्र यात बसत नाही, कारण तो नवा नाही. आणि नवेपणाची अट फार कडक आहे. नोंदणीचा अर्ज करण्याआधी ते डिझाईन जगात कुठंही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. नोंदणीसाठी कुणी माझ्याकडे आलं की मी पहिला प्रश्न विचारते तो हाच: फोटो कुठं टाकलेत का? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हो, स्टेटसला ठेवलाय, इन्स्टाग्रामवर पण आहे, खूप लाईक आलेत.’ लाईक आले आणि हक्क गेला. आधी अर्ज, मग फोटो. हा क्रम पाळायला एक पैसा लागत नाही.

कॉपीराइट तर आपोआप असतो ना, असंही विचारतात. चित्राला, लेखाला, गाण्याला असतो. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. पण नोंदवता येण्याजोगं डिझाईन तुम्ही नोंदवलं नाही आणि औद्योगिक पद्धतीनं त्याच्या 50 हून जास्त प्रती काढल्यात, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. ही तरतूद ऐकून चांगले चांगले चकित होतात. दुकानाचं, घराण्याचं नाव राखायचं असेल तर ट्रेडमार्क. दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं तर तो कायम टिकतो. पादत्राणं 25 व्या वर्गात येतात, अर्ज ऑनलाइन होतो.

कागदाला किती वजन असतं, त्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण हळदीचं. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळद वापरून जखम भरून आणण्यावर पेटंट मिळालं. आपल्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा तिथं चालत नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेनं आव्हान दिलं ते छापील पुराव्यांच्या बळावर: 32 संदर्भ, त्यांत जुने संस्कृत आणि उर्दू ग्रंथ, शिवाय 1953 साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख. 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्यानंतर 2001 पासून आपल्या पारंपरिक औषधी ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, जगभरच्या पेटंट कार्यालयांना तपासता येईल अशा भाषांमध्ये. वैद्यांचे ग्रंथ होते म्हणून ते जमलं. चपलेचं ज्ञान मात्र ग्रंथात नाही, हातात आहे. कापशीची बांधणी पायरीपायरीनं लिहून, फोटो काढून, व्हिडिओ करून ठेवणं हे काम अजून पुष्कळ बाकी आहे, आणि ते करणारे जुने हात दर वर्षी कमी होताहेत.

प्राडाचं पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं कंपनीला पत्र लिहिलं, त्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय हस्तकलेचीच आहे असं मान्य केलं. जुलैमध्ये त्यांचे लोक कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेले. आणि डिसेंबर 2025 मध्ये कंपनीनं लिडकॉम आणि लिडकरशी करार केला. सुमारे 2000 जोड महाराष्ट्र-कर्नाटकातल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, विक्रीची किंमत 800 युरोच्या आसपास. हे न्यायालयाच्या हुकमानं झालेलं नाही, लोकांच्या आरडाओरड्यानं झालं; म्हणजे मघाशी मी गदारोळाला नाकं मुरडली, त्याचाही उपयोग झालाच म्हणायचा. पण करार करायला कंपनीला कुणीतरी समोर लागलं. ती दोन महामंडळं नोंदवहीत मालक म्हणून होती, म्हणून सही कुणाबरोबर करायची हा प्रश्न आला नाही. त्या 800 युरोंतले कारागिराच्या हातात किती पडतात, हे मात्र आता कारागिरांनी आणि त्यांच्या संघटनांनी रोखठोक विचारायला हवं.

आणखी एक वाट मोकळी झाली आहे. युरोपीय संघात इतकी वर्षं संघाच्या पातळीवरचं मानांकन दारूला आणि खाद्यपदार्थांना मिळायचं. हस्तकलेच्या वस्तूंना नाही. 1 डिसेंबर 2025 पासून तिथं हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठीही नोंदणी सुरू झाली आहे, आणि संघाबाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही तिचं दार उघडं आहे. पैठणी, सोलापुरी चादर, कोल्हापुरी चप्पल यांची नावं त्या नोंदवहीत गेली, तर मिलानच्या दुकानातही ‘कोल्हापुरी’ या नावाला कायद्याचं कुंपण मिळेल. तो अर्ज महामंडळांनी किंवा उत्पादकांच्या संघटनांनी करायचा आहे. आणि तो होईपर्यंत, ऐकणाऱ्यांपैकी जे कुणी या आठ जिल्ह्यांत चपला करत असतील, त्यांनी आधार कार्ड घेऊन लिडकॉमच्या, कर्नाटकात असाल तर लिडकरच्या, कार्यालयात जावं आणि जीआय-3 चा फॉर्म मागावा. भरायला मदत मागा, संकोच करू नका. घरातल्या वेणी घालणाऱ्या बाईचाही स्वतंत्र अर्ज होतो का, हे तिथंच विचारून घ्या.

नमस्कार.