डोस का चुकला?

(दृश्य : बीड जिल्ह्यातलं एक एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात ती जागा. बाकावर पाठमोऱ्या बसलेल्या एक बाई.)

यांचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, नावही सांगणार नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाची ओळख त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, २०१७च्या कायद्यानं तसं बंधन घातलंय.

वय पन्नाशीच्या पुढं. दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ऊसतोडीच्या टोळीत निघतात, सहा महिने कोयता. गोळ्या कितीतरी वर्षं नेमानं चालू होत्या. हल्ली मात्र रात्रीची गोळी घेतली की राहिली, तेच आठवत नाही. मुकादमाकडची उचल किती फिटली हे पूर्वी तोंडपाठ असायचं. आता मोळ्या मोजतानाही मधेच आकडा सुटतो. घरचे म्हणतात, वय झालं. गोळ्या शिल्लक निघाल्या की बोलणी बसतात. बाई मान खाली घालून ऐकून घेतात.

एचआयव्ही लागण झाल्यावर लवकरच मेंदूत पोचतो. तिथं तो चेतापेशींना थेट धरत नाही. मेंदूतल्या संरक्षक पेशींत ठाण मांडतो, आणि त्यातून होणारा दाह चेतापेशींना इजा करतो. औषधं नव्हती तेव्हा यातून गंभीर स्मृतिभ्रंश व्हायचा. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली, माणसं जगली, उतारवयाला लागली. आता त्रास दिसतो तो बहुधा सौम्य असतो : विचार मंदावतो, लक्ष टिकत नाही, कामाचा क्रम चुकतो. औषध सुरू होण्याआधी ज्यांचं सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचं प्रमाण, फार खाली गेलं होतं, त्यांना धोका जास्त.

(दृश्य : टेबल. फक्त हात दिसतात.)

एचआयव्हीमुळं विसराळूपणा आलाय का, याचा अंदाज घेणारी ही छोटी तपासणी. तिला लिहितावाचता यावं लागत नाही. समुपदेशक चार शब्द सांगतात : कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. बाई ते म्हणून दाखवतात. मग ज्या हातानं आपण एरवी जेवत नाही, त्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पाच सेकंद भराभर उघडायचं, मिटायचं. पंधरा वेळा झालं की पूर्ण चार गुण. नंतर त्याच हाताची मूठ टेबलावर, मग पालथा तळवा, मग करंगळीच्या कडेवर उभा हात. मूठ, तळवा, कड, असं दहा सेकंद. शेवटी ते चार शब्द. बाईंना तीन आठवले. "एक प्राणी होता," समुपदेशक सुचवतात. "हां, कुत्रा!" त्याचा अर्धा गुण.

एकूण बारा गुण. दहा किंवा कमी आले तर पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. ही चाचणी निदान करत नाही, सौम्य त्रास कधी तिच्यातून निसटतोही. आणि कोयता धरून ताठरलेली बोटं हळू चालली, तर तो दोष मेंदूच्या माथी मारायचा का? म्हणून आकड्यासोबत ते हातही बघायला हवेत.

पुढं डॉक्टर बी-१२ तपासतात, थायरॉइड, व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण. दारूबद्दल विचारतात, झोपेबद्दल, मन उदास असतं का तेही. मेंदूचा टीबी किंवा दुसरा संसर्ग नाही ना, हे बघावंच लागतं. यातली बरीच कारणं उपचारानं सुधारतात. एचआयव्हीमुळेच झालेल्या विसराळूपणावर वेगळी गोळी नाही. एआरटी नियमित घेणं हाच मुख्य उपाय. पण विसरणाऱ्या माणसाला नुसतं 'नियमित घ्या' म्हणून कसं भागेल? वारांचे कप्पे असलेली डबी, मोबाइलचा गजर, घरातल्या विश्वासाच्या एका माणसाची आठवण, हे सगळं केंद्रातून उठायच्या आधीच ठरायला हवं.

टोळी निघण्याआधी केंद्रात सांगा, कोणत्या कारखान्यावर जाताय. जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळतील का, जवळच्या केंद्रात नाव वर्ग होईल का, ते विचारा. वाटेत अडलं तर १०९७, मोफत फोन. आणि हल्ली विसरायला होतंय, हे त्याच वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यांनी विचारलं नसलं तरी.