तंबूतली हलकी चूल

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय तंबूत पेटवायच्या, लाकूड जाळायच्या स्टोव्हबद्दल. काश्मीरकडे बुखारी असते ना, तिचाच घडी होणारा, पाठीवर नेता येणारा प्रकार. अमेरिकेत, कॅनडात शिकारीला जाणारे लोक डोंगरात मुक्काम करतात, तेव्हा हा स्टोव्ह त्यांच्या तंबूत असतो. आपल्याकडे शिकार बंद आहे. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो आहे ते उत्तमच आहे. पण शिकार नसली म्हणून थंडी थोडीच बंद झालीय? गडाच्या पायथ्याशी, मळ्यात, हिमालयात तंबू ठोकणारी मंडळी नाशकात गल्लोगल्ली आहेत. आणि ज्यांची मुलं-भाचरं परदेशात आहेत, त्यांच्या घरी सुट्टीत बॅगेतून काय निघेल याचा नेम नाही. आमच्याकडे हा स्टोव्ह निघाला. ती गोष्ट सांगणारच आहे, तिच्यासाठीच तर आलोय. पण आधी थोडं धातूचं.

तंबूतला स्टोव्ह ही जुनी गोष्ट आहे. अमेरिकी सैन्यातल्या सिब्ली नावाच्या अधिकाऱ्याने १८५६ साली शंकूसारख्या तंबूचं पेटंट घेतलं. त्या तंबूत ठेवायला स्टोव्हही शंकूसारखाच, लोखंडी पत्र्याचा. त्याला बूड नव्हतं, थेट जमिनीवर मांडायचा. तेव्हा सामान वाहायला गाड्या आणि जनावरं होती, वजनाची चिंता कोणाला? आता सगळं पाठीवर. म्हणून टायटॅनियम आलं. स्टीलचं वजन घनसेंटिमीटरला साधारण आठ ग्रॅम, टायटॅनियमचं साडेचार. म्हणजे तेवढाच पत्रा, पण वजन निम्म्याहून थोडंसंच जास्त. घडीचा टायटॅनियमचा स्टोव्ह पाइपासकट दोन किलोच्या आसपास मिळतो, जाड स्टीलचा आठ-दहा किलोंवर जातो.

दोन किलो ऐकलं की तरुण मंडळींचे डोळे चमकतात. हल्ली टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्याच पिशवीत तीन-तीन पॉवरबँका! असो. मुद्दा लक्षात ठेवा, श्रोतेहो: पातळ पत्रा लवकर तापतो आणि तितक्याच लवकर निवतो. जाड लोखंड आच विझल्यावरही ऊब देत राहतं, पातळ पत्रा देत नाही. पुन्हा सांगतो, लवकर तापतो, लवकर निवतो.

आता गोष्ट.

माझा भाचा कोलोराडोत असतो. तिथे ऑफिसातल्या मित्रांबरोबर एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण. आमचं घर माळकरी, त्यामुळे आजीला त्याने ‘मी फक्त तंबू सांभाळतो’ असं सांगितलेलं. तर हा डिसेंबरात आला आणि थेट निफाडला आजीच्या मळ्यात. निफाडच्या थंडीचं मी काय सांगू? दर हिवाळ्यात पेपरात पहिल्या पानावर निफाडचा पारा असतो. बागायतदार पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात, मणी तडकू नयेत म्हणून. अशा थंडीत भाचेबुवा म्हणाले, मामा, आज आपण तंबूत झोपायचं. शेकोटीबिकोटी नको, माझ्याकडे स्टोव्ह आहे.

बॅगेतून त्याने काढला तो एक चपटा गठ्ठा, दप्तरातल्या फायलीएवढा. उलगडला, कड्या अडकवल्या, चार पाय लावले, झाला डबा. पाइप म्हणजे टायटॅनियमचा कागदासारखा पातळ, लांबच लांब पत्रा. तो आडवा गुंडाळून नळी करायची आणि वरून तारेच्या कड्या चढवायच्या. सांगायला सोपं आहे. एका टोकाला तो, एका टोकाला मी. इकडून गुंडाळावा तर तिकडून फडकन सुटतोय. शेजारचे भाऊ बांधावर उभे राहून हसतायत. त्यात पत्र्याची कड ब्लेडसारखी, हातमोजे घातले होते म्हणून बोटं वाचली. पहिल्यांदा पेटवून तापला की तो पत्रा आपला आकार धरतो, मग पुढच्या वेळी मुकाट्याने गुंडाळला जातो. म्हणून नवा स्टोव्ह पहिल्यांदा उघड्यावरच पेटवायचा. पत्र्याला तेलबिल लागलेलं असतं तेही जळून जातं, आणि रंग काय सुंदर येतात, निळा, जांभळा, मधूनच सोनेरी! भाच्याने एवढं मात्र नीट केलं.

मग सरपण. बांधावर ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांचा ढीग पडलेला. त्याने कवळाभर उचलल्या आणि कोंबल्या. द्राक्षाची वाळकी काडी काय भडकते! पाच मिनिटांत तंबूत वैशाख. स्वेटर काढले, कानटोप्या काढल्या. स्टोव्हची कूस लाल दिसायला लागली. भाचा माझ्याकडे बघतोय, बघा मामा! आणि अर्ध्या तासात सगळं थंडगार. परत काड्या, परत वैशाख, परत पौष. रात्रभर हेच. झोप कोणाला? शिवाय त्या काड्यांवर वर्षभराच्या फवारण्या झालेल्या, बोर्डो मिश्रणापासून काय काय. तसलं जळण बंद जागेत जाळूच नये. (द्राक्षावरून आठवलं, हल्ली बोटाएवढे लांब मणी पिकवायची हौस आलीय. दिसायला झकास, चवीला पाणी. जुन्या थॉमसनची गोडी त्याला नाही. पण ते जाऊ द्या.)

पहाटे चारला बागेतल्या शेकोट्या बघायला माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, उठली. आमच्या तंबूत उजेड दिसला म्हणून डोकावली. भाचा काड्या मोडत बसलेला. आई म्हणाली, “आरं, काड्या पेटवायला असत्यात. त्यावर रात काढतोस व्हय?” आणि गेली. आली ती पदरात बाभळीच्या ढलप्या घेऊन. पत्र्याच्या शेडखालच्या, दोन उन्हाळे वाळलेल्या, मनगटाएवढ्या जाड. एक मोठी मागे सारली, दोन बारक्या पुढे ठेवल्या, दार लोटलं. मग पाइपाकडे बोट करून विचारलं, “ही चावी कशाची?” ती झडप, धूर जाण्याचा रस्ता कमी-जास्त करणारी. भाच्याने ती रात्रभर सताड उघडी ठेवलेली, सगळी ऊब आभाळाला. आईने ती अर्धी वळवली. जाळ बसला, निखारा धरला, आणि तास उलटून गेला तरी पुन्हा दार उघडावं लागलं नाही.

इथे थांबली असती तर ती आमची आई कसली! म्हणाली, विस्तव आहे तर भाकरी टाकते. तवा ठेवला आणि वरचा पत्रा तापून मधोमध खाली गेला. तवा डुगडुगायला लागला. भाकरी एका अंगाने करपली, दुसऱ्या अंगाने कच्ची. तिने ती उलटून पालटून बघितली, भाच्याच्या हातात दिली आणि म्हणाली, “चहा कर ह्याच्यावर. भाकरीला बूड जाड लागतं.” कोलोराडोच्या त्या महागड्या वस्तूचं एवढं नेमकं परीक्षण मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

उजाडल्यावर कळलं की तंबूच्या छताला तांदळाच्या दाण्याएवढी भोकं पडलीत. पाइपाच्या टोकाला ठिणग्या अडवायची जाळी असते. ती काजळीने चोंदत होती म्हणून साहेबांनी रात्री काढून ठेवली होती. नायलॉन सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं, त्याला एक ठिणगी पुरते. आईने ठिगळं लावून दिली, तिच्या जुन्या छत्रीच्या कापडाची.

तर आता वेळ थोडा उरलाय, आणि निवडायचं कसं ते राहिलंच. पेटी बघा, वजन नंतर. हातभर लांबीची ढलपी आत मावली पाहिजे. पेटी चिमुकली असेल तर लाकूड तोडून तोडून जीव जातो आणि दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. दार घट्ट बसतं का, झडप नीट फिरते का, हे दुकानातच हाताने बघा. पाइप तंबूच्या शेंड्याच्या वर निघेल एवढा लांब हवा. धूरही ओढला जातो आणि ठिणगी कापडावर पडेपर्यंत विझते. जाळी हवीच, आणि ती रोज झटकायची. तंबूला पाइपासाठी आच सोसणाऱ्या कापडाची चौकट शिवलेली असेल तरच स्टोव्ह आत न्यायचा. साध्या तंबूला कात्रीने भोक पाडून पाइप काढू नका. कापडापासून स्टोव्ह दोन हात तरी लांब ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट ऐका. झडप पूर्ण बंद करायची नाही आणि तंबूची हवेची खिडकी बंद करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले लोक सकाळी उठले नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. खिडकी उघडी. पुन्हा सांगतो, खिडकी उघडी. बॅटरीवर चालणारा गॅसचा अलार्म मिळतो, तो तंबूत टांगा, आणि झोपताना स्टोव्ह विझू द्या, जाड रजई घ्या.

शेवटी किल्लेवाल्यांसाठी एक. साल्हेर २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलाय. तिथे वर हा स्टोव्ह नेऊ नका. पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी शेतात विचारून तंबू लावा, आणि सरपणाची मोळीही त्यांच्याचकडून विकत घ्या, बाभळीची मिळाली तर बघा.

नमस्कार.