कानावर पडलं, पण ऐकलं का?

नमस्कार मंडळी.

"पोरगा अजिबात ऐकत नाही" अशी तक्रार करणारी आई मुलाला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. कानावर पडणं आणि सांगितलेलं करणं, दोन्हीला आपल्याकडे एकच क्रियापद. बायबलच्या जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही तसंच आहे: 'शमा'. 'शेमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', ही प्रार्थना त्याच धातूतली. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे 'शनिवार तेली' बाकीचं हिब्रू विसरले, पण शेमा त्यांनी जपली.

हा शब्द मनात ठेवून नामानाची गोष्ट वाचावी, 2 राजे, अध्याय 5. नामान इस्राएलच्या शेजारच्या अराम देशाचा सेनापती, अंगावर कोड. (मूळ हिब्रू शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लागतो, आजचा कुष्ठरोग तो हाच असं समजू नये.) लढाईत धरून आणलेली एक इस्राएली मुलगी त्याच्या घरी दासी आहे. ती इस्राएलातल्या शोमरोन शहरी राहणाऱ्या अलीशा या संदेष्ट्याकडे बोट दाखवते. नामान निघतो तो दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख घेऊन. आजच्या मापात सुमारे 340 किलो चांदी आणि 68 किलो सोनं. अलीशा दाराबाहेरही येत नाही. निरोप्याकरवी कळवतो: यार्देन नदीत सात वेळा स्नान कर.

नामान भडकतो. संदेष्टा बाहेर येईल, उभा राहून देवाचा धावा करील, कोडावरून हात फिरवील, असं त्याने मनात आधीच रंगवलेलं. शिवाय त्याच्या देशातल्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट होत्या? शेवटी चाकरच समजावतात, "बाबा, त्याने काही अवघड करायला सांगितलं असतं, तर केलं असतं ना?"

मेख इथे आहे. अवघड कामात सेनापतीचा मान राहतो, चाकरांदेखत नदीत बुड्या मारण्यात तो जातो. आणि पाचव्या-सहाव्या बुडीला कोड किती उतरलं, याबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. खूण पाहून पुढची बुडी मारायची सोयच नव्हती. "इस्राएलाशिवाय पृथ्वीवर कुठे देव नाही हे आता मला कळलं" हे त्याचं वाक्य पंधराव्या वचनात, म्हणजे अंग शुद्ध झाल्यानंतर येतं. नदीत उतरताना एवढा विश्वास त्याच्याजवळ नव्हता. पाण्यात पाय घालण्यापुरता होता.

इस्राएलच्या शौल राजाचं नेमकं उलट झालं (1 शमुवेल, अध्याय 15). अमालेकी या शत्रू लोकांचं काहीही राखू नये अशी देवाची आज्ञा होती, माणसंसुद्धा. आजच्या वाचकाच्या घशाखाली ती उतरत नाही, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण कथेचा रोख शौलाच्या हिशेबावर आहे. त्याने टाकाऊ जनावरं मारली, उत्तम मेंढरं-बैल राखले, वर म्हणाला, "मी आज्ञा पाळली." संदेष्टा शमुवेल विचारतो, "मग माझ्या कानांवर हे मेंढरांचं बेंबावणं कसलं?" यज्ञासाठी राखली, हे उत्तर तयारच होतं. यज्ञापेक्षा 'शमा' बरं, असं शमुवेलाने सुनावलं ते यावर.

येशूचा दोन मुलांचा दाखला (मत्तय 21) अवघ्या चार वचनांचा. बाप म्हणतो, आज द्राक्षमळ्यात काम कर. पहिला तोंडावर "नाही" म्हणतो, पण मागाहून पस्तावून जातो. दुसरा म्हणतो, "जातो, महाराज," आणि जात नाही. उद्धटपणा पहिल्याचा खरा, 'महाराज' मात्र दुसऱ्याच्या तोंडी.

येशू हे यरुशलेमच्या मंदिरात सांगतो, समोर मुख्य याजक आणि वडीलजन. बापाच्या इच्छेप्रमाणे कोण वागला, असं तो त्यांनाच विचारतो. ते म्हणतात, "पहिला." उत्तर बिनचूक होतं. त्यावर येशू म्हणतो, जकातदार आणि वेश्या तुमच्याआधी देवाच्या राज्यात जात आहेत.