खटल्यावर सही कोणाची?

मित्रहो, यादवी युद्धातून सावरणाऱ्या देशात भ्रष्टाचारविरोधी आयोग स्थापन करणे तुलनेने सोपे असते. कायदा संमत होतो, परदेशातून निधी येतो, कार्यालयावर पाटी लागते. मात्र त्या आयोगाने जमवलेला पुरावा न्यायालयात न्यायचा की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न बहुधा मागे राहतो, आणि माझ्या मते सारे काही त्यावरच अवलंबून असते. युद्ध थांबवण्यासाठी ज्या गटांना सत्तेत वाटा द्यावा लागतो, त्यांचेच हात पुष्कळदा तिजोरीपर्यंत पोहोचलेले असतात.

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये आयोगाचा कायदा २००० साली, म्हणजे युद्ध संपण्याआधीच झाला. परंतु खटला भरायला ॲटर्नी जनरलची संमती लागे, आणि तेथे हे पद न्यायमंत्र्याकडेच असते. स्वतः खटला भरण्याचा अधिकार आयोगाला २००८ च्या कायद्याने मिळाला.

शेजारच्या लायबेरियात २००५ मध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. संक्रमणकालीन सरकार आणि मदत देणारे देश व संस्था यांच्यात करार होऊन मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ अशा महसुलाच्या जागी परदेशी तज्ज्ञ बसवण्यात आले आणि खर्चाला स्थानिक अधिकाऱ्याबरोबर त्यांचीही सही आवश्यक ठरली. हा सार्वभौमत्वावर घाला आहे, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तरीही पैसा गेल्यावर शोधण्यापेक्षा जाण्याआधी अडवणे शहाणपणाचे होते, असे मला वाटते. अट एवढीच की ती दुसरी सही पुढे आपल्याच माणसाच्या हाती यावी आणि नकार देणाऱ्याची नोकरी शाबूत राहावी.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचा अनुभव मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथील युद्ध १९९६ च्या करारांनी संपले, पण युद्धकाळात गुप्तचर यंत्रणेभोवती वाढलेली गुन्हेगारी जाळी तशीच राहिली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने या जाळ्यांचा तपास करण्यासाठी काम सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाला, अर्थात ‘सिसिग’ला (त्याच्या स्पॅनिश नावाचे लघुरूप), स्वतंत्रपणे खटला चालवता येत नसे, त्याला देशाच्या अभियोग खात्याच्या सोबतीनेच चालावे लागे. ही मर्यादाच त्याचे बळ ठरली, कारण त्यातून स्थानिक वकील आणि तपासनीस घडले. आयातदाराने एका ठरावीक फोनवर संपर्क साधायचा, लाच द्यायची आणि शुल्क कमी करून घ्यायचे, हा सीमाशुल्क खात्यातला व्यवहार त्यांनी दूरध्वनी संभाषणांच्या नोंदींवरून उलगडला. २०१५ च्या मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्षांना आणि सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांना पद सोडावे लागले.

पुढे चौकशी त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस यांच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांनी आयोगाला मुदतवाढ नाकारली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये काम थांबले. परदेशी तज्ज्ञ आपापल्या देशी परतू शकले. पण आयोगासोबत काम केलेल्या विशेष अभियोग विभागाच्या प्रमुखांना २०२१ मध्ये पदावरून काढल्यावर स्वतःचा देशच सोडावा लागला. अशा संस्थेची आखणी करताना या माणसांच्या नेमणुकीचे, बडतर्फीचे आणि सुरक्षेचे नियम पहिल्याच मसुद्यात लिहिले गेले पाहिजेत, आणि ते बदलण्याचा अधिकार ज्यांची चौकशी होऊ शकते त्यांच्याकडे असता कामा नये.