लोणावळ्याची बोटुकली, कावेरीचा कुबडा

[दृश्य: वाहत्या पाण्याखालचा ट्रे, अगदी जवळून]

नीट बघा. मोहरीहून मोठी, ज्वारीच्या दाण्याहून लहान, पिवळसर. ही महसीर माशाची अंडी. मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून ती काढतात, नराच्या रेतात मिसळून पिसाने ढवळतात आणि वाहत्या पाण्यात ठेवतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर पडतात. बोटाएवढी झाली की ती बोटुकली.

लोणावळ्यात वळवण तलावाकाठी टाटा पॉवरच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, हे काम 1970च्या दशकापासून चालू आहे. हा दख्खनचा महसीर, टॉर खुद्री. कर्नल साइक्सने 1839 साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. मोठाले खवले, परांवर निळी झाक. धरणांनी वाटा अडल्या, सुरुंग लावून मासेमारी झाली, सांडपाणी आलं आणि आपल्या नद्यांतून तो कमी होत गेला. अशा वेळी त्याची पैदास हाताने जमवणं सोपं नव्हतं. ज्यांनी ती जमवली त्यांचं ऋण मानायलाच हवं.

पण बोटुकल्या इथेच राहिल्या नाहीत. पिशव्यांत भरून त्या दूरदूरच्या पाण्यात गेल्या. त्यातलं एक पाणी कावेरीचं.

[दृश्य: कावेरी, खडकांमधून उसळणारी धार]

कावेरीला तिचा स्वतःचा महसीर होता. डोक्यामागे उंच कुबड असलेला, प्रचंड मोठा. 1946 साली कबिनी नदीत गळाला लागलेला मासा 120 पौंडांचा होता, म्हणजे सुमारे 54 किलो. जगभरचे गळवाले त्याच्यासाठी कर्नाटकात यायचे. एवढा नावाजलेला, पण त्याची शास्त्रीय ओळख पक्की व्हायला 2018 साल उजाडलं: टॉर रेमादेवी. आज तो धोक्यात आलेल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे.

गळाने मासा पकडून परत सोडणाऱ्यांनी 1998 ते 2012 या काळात कावेरीकाठी ठेवलेल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळ्या परांचा, म्हणजे आपला दख्खनचा, मासा वाढत गेला होता. कुबडा क्वचित लागायचा, आणि लागला तर पूर्वीपेक्षा वजनदार. ऐकायला चांगलं वाटतं ना? अर्थ मात्र उलटा आहे. म्हातारे मासे तेवढे उरले होते, लहान दिसतच नव्हते. ज्या घरात पाळणा हलत नाही, त्या घराची ही गत.

सगळा दोष आपल्या बोटुकल्यांवर टाकणं खोटं ठरेल. कावेरीवर धरणं आहेत, वाळूउपसा आहे, सुरुंग आहेत. पण कृष्णेच्या खोऱ्यातला मासा कावेरीत सोडताना तिथे आधीपासून कोण राहतं, हे विचारायला हवं होतं. तेवढीच जागा, तेवढंच अन्न, आणि एका बाजूला वर्षानुवर्षं येणारी नवी कुमक.

[दृश्य: उत्तर अमेरिकेतली थंड नदी, प्रवाहाविरुद्ध उडी घेणारा सॅल्मन]

हॅचरीतले मासे नदीत सोडावेत का, हा वाद अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मनवरून कितीतरी जुना आहे. तिथे तर मासा त्याच नदीतला असला तरी प्रश्न सुटत नाही. ओरेगॉनच्या हूड नदीत सॅल्मनच्या भाऊबंदांपैकी स्टीलहेड माशाचा अभ्यास झाला. तो 2007 साली प्रसिद्ध झाला. हॅचरीत काढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशांची नदीत वंश वाढवण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटत होती. हॅचरीत जोडीदार माणूस ठरवतो, खाणं वरून पडतं, झडप घालणारं कुणी नसतं. तिथे जो तगतो, तो नदीत तगेलच असं नाही. तरीही हॅचरी बंद करा म्हणणं तिथल्या कोळ्यांना आणि आदिवासी जमातींना सोपं नाही. धरणांनी त्यांचा मासा नेला, त्याची भरपाई म्हणून त्यांच्या हाती हॅचरी आली.

[दृश्य: महाडजवळची वाळण कोंड, काळ नदी]

आता पुन्हा आपल्या सह्याद्रीत. वाळण कोंडीत चुरमुरे टाकले की काळ्याशार पाण्यातून महसीर वर येतात. देवीचे मासे म्हणून इथे कुणी गळ टाकत नाही. त्यांना वाचवलंय ते गावाने कोंड राखली म्हणून.

हॅचरी बंद करावी असं आमचं म्हणणं नाही. इंद्रायणी, भीमा, कृष्णा या बोटुकलीच्या घरच्या नद्या आहेत, त्यांना तिची गरज पडेलही. मागणी एवढीच आहे: पिशवीत पाणी, ऑक्सिजन आणि बोटुकल्या भरून तोंड बांधताना तिच्यावर नदीचं नाव लिहा, आणि तिचं तोंड त्याच नदीच्या काठावर उघडा.